संगणकाचा गाभा आणि यंत्राचे आयुष्य



काही दशकांपूर्वी मीरा-भाईंदर हे नाव उच्चारले की मिठागरे, खाडी आणि भातशेती यांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राही. १९८५ साली येथे नगरपरिषद आली, २००२ साली महानगरपालिका स्थापन झाली आणि या काळात मिठागरांच्या शेजारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. बेव्हर्ली पार्क ही अशाच इमारतींची वसाहत. येथील कित्येक घरांत आज संगणक आहे. कोठे तो दहावीच्या विद्यार्थ्याच्या अभ्यासासाठी घेतलेला असतो, कोठे त्यावर सोसायटीचा जमाखर्च मांडला जातो, तर कोठे निवृत्त गृहस्थ त्यावर आपल्या निवृत्तिवेतनाचा आणि बँकेचा व्यवहार पाहतात. मध्यमवर्गीय कुटुंबाने हप्ते भरून घेतलेली ही वस्तू असते. ती चालू असेपर्यंत टाकून द्यावी, असे कोणाच्याही मनात येत नाही.

तथापि १४ ऑक्टोबर २०२५ या दिवसाने असा विचार करणे अनेकांना भाग पाडले. २०१५ साली बाजारात आलेल्या विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित आधार त्या दिवशी संपला. घरगुती ग्राहकांसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सशर्त मुदतवाढ जाहीर झाली खरी. परंतु पुढची आवृत्ती असलेल्या विंडोज ११ ला सुरक्षेची विशिष्ट चीप आणि साधारणतः २०१७ नंतरचा प्रक्रियक लागतो. त्यामुळे ज्या यंत्राचा पडदा स्वच्छ आहे, कळफलक शाबूत आहे, ज्यात कोणताही बिघाड नाही, असे यंत्रही केवळ कार्यप्रणालीअभावी निरुपयोगी ठरण्याची पाळी आली. सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नसलेल्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करणे म्हणजे कडी मोडलेल्या घरात दागिने ठेवण्यासारखे आहे. अशा वेळी नागरिकापुढे मार्ग कोणते? नवा संगणक घेणे हा एक. जुन्याच यंत्रावर मुक्तस्रोत कार्यप्रणाली बसविणे हा दुसरा. हा दुसरा मार्ग कितपत चालण्याजोगा आहे, तो कोणाच्या श्रमांतून तयार झाला आणि त्यावरील खाचखळगे कोणते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

गाभा म्हणजे काय?

संगणकाच्या पडद्यावर जे दिसते ते त्याचे बाह्यांग होय. त्याच्या आत, कोणाच्याही दृष्टीस न पडणारी एक आज्ञावली अखंड काम करीत असते. तिला कर्नेल म्हणतात. मराठीत गाभा म्हणावे. गाभ्याचे काम समजण्यासाठी सोसायटीच्या पाण्याचे उदाहरण पुरेसे आहे. टाकी एक, पंप एक आणि घरे साठ. पाणी केव्हा सोडायचे, कोणत्या मजल्याला किती वेळ द्यायचे, एका घराचा नळ उघडा राहिल्याने इतरांची टाकी रिकामी होणार नाही हे कसे पाहायचे, याची व्यवस्था कोणीतरी ठेवावी लागते. संगणकातही प्रक्रियक एक, स्मरणशक्ती मोजकी आणि कामे अनेक. कोणाला किती वेळ व किती जागा द्यायची याचा निर्णय गाभा करतो.

त्याचे दुसरे काम त्याहून किचकट आहे. कळफलक, पडदा, ध्वनी, कॅमेरा, वायफाय, छपाईयंत्र या प्रत्येक उपकरणाची बोली निराळी असते. ती जाणणारा दुभाष्या गाभ्यापाशी असावा लागतो. त्याला ड्रायव्हर असे म्हणतात. बहुतेक उपकरणांना उत्पादकाचा एक क्रमांक आणि उपकरणाचा एक क्रमांक असे दोन क्रमांक असतात. उपकरण जोडले गेले की गाभा हे क्रमांक वाचतो, आपल्याजवळच्या नोंदींत ते शोधतो आणि योग्य त्या दुभाष्याला पाचारण करतो. नोंद सापडली नाही तर उपकरण उत्तम स्थितीत असूनही मुके राहते. जुना संगणक नव्या कार्यप्रणालीवर चालेल की नाही हा प्रश्न, शेवटी या नोंदींचा आणि या दुभाष्यांचा प्रश्न आहे.

एका विद्यार्थ्याच्या यंत्रापासून

२५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने आपण एक कार्यप्रणाली तयार करीत असल्याचे जाहीर केले. त्याच्यापाशी ३८६ जातीच्या प्रक्रियकाचा संगणक होता, आणि आपल्याजवळ ज्या प्रकारची तबकडी आहे तिच्याखेरीज दुसरी कोणतीही आपली प्रणाली बहुधा कधीच ओळखणार नाही, असे त्याने त्याच वेळी सांगून टाकले होते. पुढील वर्षी त्याने या आज्ञावलीसाठी असा परवाना स्वीकारला की, कोणीही ती वाचावी, बदलावी, वाटावी. मात्र बदललेली आज्ञावली इतरांना देताना तिची मूळ संहिताही त्याच अटींवर उपलब्ध करून द्यावी. या एका अटीमुळे जगभरच्या माणसांनी आपापल्या यंत्रांचे दुभाषे लिहून त्या गाभ्यात जमा केले. २०२५ च्या आरंभी लिनक्सच्या गाभ्याची संहिता चार कोटी ओळींच्या आसपास पोहोचली, आणि तिचा निम्म्याहून अधिक भाग निरनिराळ्या उपकरणांच्या ड्रायव्हरांनी व्यापलेला आहे. एकच तबकडी ओळखणारी प्रणाली आज हातातील भ्रमणध्वनीपासून महासंगणकापर्यंत सर्वत्र चालते. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पाचशे सर्वाधिक वेगवान महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवरच चालत आले आहे.

आपल्या राज्यातील अनुभव

महाराष्ट्राला ही प्रणाली नवखी नाही. नारायणगावजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्राची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांकडून येणारे संकेत एकमेकांशी क्षणोक्षणी ताडून पाहावे लागतात. पूर्वी हे काम खास घडविलेल्या विद्युत-मंडलांकडून करून घेतले जाई. पुढे तेथील शास्त्रज्ञांनी बाजारात मिळणारे सुटे भाग आणि लिनक्सवर चालणारे अठ्ठेचाळीस संगणक एकमेकांना जोडून तेच काम आज्ञावलीच्या बळावर प्रत्यक्ष वेळेत करून दाखविले, आणि त्याचे वर्णन २०१० साली शोधनिबंधात प्रसिद्ध केले. संकेत टिपणाऱ्या पट्टिका आणि संगणक यांच्यामधील दळणवळणात क्षणाचाही खंड पडून चालत नाही. यंत्र आणि गाभा यांचा मेळ उत्तम बसल्याखेरीज असे काम होत नाही, आणि गाभा खुला असल्यामुळे तो मेळ बसविणे येथल्या तज्ज्ञांच्या हाती राहते.

दुसरे उदाहरण अगदी निराळ्या टोकाचे आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैरात या छोट्या वस्तीतील एकशिक्षकी शाळेत ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय योजनेचा भारतातील प्रारंभीचा प्रयोग सुरू झाला. मुलांच्या हाती आलेल्या हिरव्या-पांढऱ्या यंत्राचा प्रक्रियक ४३३ मेगाहर्ट्झचा, स्मरणशक्ती २५६ मेगाबाइट आणि साठवण अवघी एक गिगाबाइट होती. त्याचा पडदा उन्हातही वाचता येई. वीज जपून वापरणे ही त्याची पहिली गरज होती. म्हणून पडद्यावरचे पान जसेच्या तसे दिसत असताना प्रक्रियकाला झोपविण्याची आणि कळ दाबताच त्याला क्षणार्धात जागे करण्याची सोय त्याच्यासाठी करण्यात आली. शेजारच्या यंत्रांना बिनतारी जोडून घेण्यासाठी लागणारा ड्रायव्हरही त्याच काळात लिनक्सच्या मुख्य गाभ्यात दाखल झाला. ही योजना आपल्या देशात अपेक्षेइतकी पसरली नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिच्या निमित्ताने लिहिला गेलेला तो ड्रायव्हर खुल्या भांडारात जमा झाला आणि त्या जातीची चीप असलेल्या इतर यंत्रांच्याही कामी आला. योजना थांबली तरी तिच्यासाठी झालेले काम वाया जात नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण होय.

भाषेच्या बाबतीतही मुंबई-पुण्याने आपला वाटा उचलला आहे. मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने, जे पुढे प्रगत संगणन विकास केंद्रात म्हणजे सी-डॅकमध्ये विलीन झाले, इंडिक्स या प्रकल्पाद्वारे लिनक्सच्या पडद्यावर देवनागरीतील जोडाक्षरे नीट उमटावीत यासाठी काम केले. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने २००७ पासून बॉस या नावाची भारतीय भाषांना अनुकूल अशी लिनक्स प्रणाली वितरित केली आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकाची मांडणी लिनक्समध्ये अंगभूतच असते. मराठी अक्षरे नीट दिसतील का, ही शंका त्यामुळे बहुतांशी दूर झाली आहे.

गाभ्यातील अलीकडच्या सुधारणा

गाभ्याची नवी आवृत्ती साधारणतः दर नऊ-दहा आठवड्यांनी निघते, आणि तीत केवळ नव्या यंत्रांची भर असते असे नव्हे. गेल्या दहा-बारा वर्षांतील काही सुधारणा जुन्या आणि कमी ताकदीच्या संगणकांना विशेष उपकारक ठरल्या आहेत.

पहिली स्मरणशक्तीची. घरात जागा कमी असली की गृहिणी हिवाळ्याच्या गोधड्या घट्ट बांधून माळ्यावर ठेवते. २०१४ साली गाभ्यात पक्की झालेली झेडरॅम ही सोय नेमके हेच करते. तूर्त न लागणारी माहिती दाबून, घडी घालून स्मरणशक्तीतच ठेवते. त्यामुळे संथ तबकडीकडे वारंवार धाव घ्यावी लागत नाही. डिसेंबर २०२२ च्या ६.१ या आवृत्तीत आणखी एक सुधारणा आली. कोणती माहिती अलीकडे वापरली गेली आणि कोणती बराच काळ पडून आहे, यांची पिढ्यांनुसार प्रतवारी करून काय बाजूला सारायचे ते ठरविण्याची ही पद्धत आहे. चार गिगाबाइट स्मरणशक्तीच्या संगणकावर अनेक कामे एकाच वेळी उघडली असता होणारी कुचंबणा अशा उपायांनी कमी होते.

दुसरी वेळेच्या वाटपाची. ऑक्टोबर २०२३ च्या ६.६ या आवृत्तीत प्रक्रियकाचा वेळ वाटण्याची नवी रीत स्वीकारण्यात आली. ज्या कामाला थोडाच वेळ हवा पण तो तत्काळ हवा, त्याला न्याय देणे हा तिचा उद्देश आहे. पाठीमागे मोठे काम चालू असतानाही टंकलेखन अडखळू नये, हे तिचे फळ. याच दिशेने गेलेला दुसरा प्रयत्न म्हणजे ठरलेल्या क्षणी काम झालेच पाहिजे अशी हमी देणारी व्यवस्था. सुमारे वीस वर्षे बाहेर वाढलेले हे काम नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ या आवृत्तीत मुख्य गाभ्यात सामावले गेले.

तिसरी सुधारणा सामान्य माणसाच्या रोजच्या वापरातील आहे. पेनड्राइव्ह आणि विंडोजमधील तबकडी यांची लिखावट निराळी असते. सॅमसंगने लिहिलेला एक्सफॅटचा ड्रायव्हर २०२० साली, तर पॅरागॉन या कंपनीने दिलेला एनटीएफएसचा ड्रायव्हर २०२१ साली गाभ्यात आला. जुन्या तबकडीवरील लग्नाची छायाचित्रे, मुलांची प्रमाणपत्रे, सोसायटीचे इतिवृत्त हे सारे नव्या प्रणालीतून वाचण्याची वाट त्यामुळे अधिक सुकर झाली.

उत्पादकांच्या वृत्तीतही पालट झाला आहे. एके काळी वायफाय हे लिनक्सचे मोठे दुखणे होते. २०१० साली ब्रॉडकॉमने आपल्या काही बिनतारी चीपांचा ड्रायव्हर खुला केला. एएमडीने २००७ पासून आपल्या चित्र-प्रक्रियकांची माहिती प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि दीर्घ काळ दार बंद ठेवणाऱ्या एनव्हिडियानेही २०२२ साली आपल्या ड्रायव्हरचा गाभ्यात बसणारा भाग खुला केला.

भ्रमणध्वनीचा धडा

येथे एक प्रश्न सहज उद्भवतो. अँड्रॉइड भ्रमणध्वनीतही लिनक्सचाच गाभा असतो. मग चार-पाच वर्षांचा फोन सुधारणांना मुकतो आणि दहा-बारा वर्षांचा संगणक मात्र त्याच गाभ्याच्या बळावर अद्ययावत राहू शकतो, हे कसे? उत्तर ड्रायव्हरच्या जागेत आहे. संगणकाचे बहुतेक ड्रायव्हर मुख्य गाभ्याच्या भांडारात असतात. गाभ्यात अंतर्गत बदल करणाऱ्याने त्या बदलामुळे बाधित होणारे सर्व ड्रायव्हरही दुरुस्त करावेत, असा तेथील शिरस्ता आहे. म्हणून उत्पादकाने लक्ष काढून घेतले तरी ड्रायव्हर जगतो. फोनचे अनेक ड्रायव्हर मात्र उत्पादकाने आपल्यापुरते, मुख्य भांडाराबाहेर लिहिलेले असतात. त्याने हात आखडता घेतला की पुढच्या गाभ्याशी त्यांचा सांधा तुटतो. यंत्राचे आयुष्य त्याच्या धातूवर व काचेवर जितके अवलंबून असते, तितकेच त्याचा दुभाष्या सार्वजनिक भांडारात आहे की कोणाच्या कुलूपबंद कपाटात, यावरही असते.

मर्यादांचे भान

या मार्गाची स्तुती करताना त्याच्या मर्यादा झाकून ठेवणे योग्य होणार नाही. खुला गाभाही सर्वच जुनी यंत्रे कायमची सांभाळत नाही. ज्या ३८६ जातीच्या यंत्रावर लिनक्सचा जन्म झाला, तिचाच आधार २०१३ साली काढून घेण्यात आला. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या डेबियन १३ या आवृत्तीने बत्तीस बिटांच्या जुन्या संगणकांसाठी स्वतंत्र गाभा व स्थापना-संच देणे थांबविले. काही स्वस्त छपाईयंत्रे, बोटांचे ठसे वाचणारी उपकरणे आणि अंकीय स्वाक्षरीच्या काही कळा अद्यापही अडून बसतात. केवळ विंडोजसाठी लिहिलेली हिशेबाची आज्ञावली ज्यांच्या व्यवसायाचा कणा आहे, त्यांनी घाई करू नये. जुन्या मराठी टंकांत केलेले लेखनही तसेच्या तसे वाचता येईल याची खात्री नसते; ते युनिकोडमध्ये आणून घ्यावे लागते.

म्हणून परीक्षा करूनच पाऊल टाकावे, आणि अशी परीक्षा करण्याची सोय सुदैवाने आहे. प्रथम सर्व कागदपत्रांची व छायाचित्रांची प्रत बाहेरच्या तबकडीवर काढावी. मग लिनक्सची एखादी प्रचलित प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन, संगणकात काहीही न बसविता, त्या पेनड्राइव्हवरूनच संगणक सुरू करावा. वायफाय लागते का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, छपाई होते का, मराठी टंकलेखन जमते का, झाकण मिटल्यावर संगणक झोपतो आणि उघडल्यावर जागा होतो का, हे एकेक करून पाहावे. सर्व नीट चालल्यास पुढे जावे, न चालल्यास पेनड्राइव्ह काढून घ्यावा. संगणक होता तसाच राहतो. जुनी फिरती तबकडी बदलून तिच्या जागी एसएसडी बसविल्यास त्याच यंत्राचा वेग लक्षणीय वाढतो, आणि तिला लागणारा खर्च नव्या संगणकाच्या मानाने अल्प असतो.

सार्वजनिक हिताचा प्रश्न

हा विषय एका घराच्या काटकसरीपुरता नाही. टाकून दिलेल्या संगणकात शिसे, पारा यांसारखी घातक द्रव्ये असतात. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या व्यवस्थापनाचे नवे नियम देशात १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. तरीही जो कचरा निर्माणच होत नाही, त्याच्या विल्हेवाटीची चिंताही उरत नाही. खाडी आणि खारफुटी यांच्या कुशीत वसलेल्या मीरा-भाईंदरला ही गोष्ट निराळी पटवून देण्याची आवश्यकता नाही. शासनाच्या पातळीवरही या विचाराला स्थान मिळाले असून, केंद्र शासनाने २०१५ साली आपल्या कारभारात मुक्तस्रोत आज्ञावलीला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले.

बेव्हर्ली पार्कमधील तरुण-तरुणींपैकी अनेकजण संगणकशास्त्राचे शिक्षण घेत आहेत अथवा त्या व्यवसायात आहेत. त्यांनी सुटीच्या दिवशी आपल्या इमारतीतील ज्येष्ठांचे जुने संगणक अशा रीतीने तपासून दिले, तर कित्येक यंत्रे अडगळीतून पुन्हा मेजावर येतील. त्यांपैकी एखादे गरजू विद्यार्थ्याच्या हाती जाईल. तपासणीत एखादे उपकरण मुके आढळले, तर त्याचे दोन क्रमांक आणि दिसलेला दोष नीट लिहून गाभ्याच्या संबंधित जबाबदार व्यक्तींकडे कळविण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. कित्येकदा ड्रायव्हर तयारच असतो, आणि केवळ त्या क्रमांकांची एक ओळ यादीत घालावयाची राहून गेलेली असते. मीरा रोडच्या एका घरातून गेलेली ती ओळ जगाच्या दुसऱ्या टोकावरील अनोळखी घरातले यंत्र बोलते करू शकते. या भांडारातून घेण्यास कोणाला मज्जाव नाही, तसा त्यात भर घालण्यासही नाही; आणि जो समाज घेताना थोडीशी भरही घालतो, त्याची यंत्रे अधिक काळ त्याच्या सेवेत राहतात.